दात, लेंड्या आणि उन्हाळा : वृद्ध सशाचे वागणे कसे वाचावे

मराठवाड्यातील बैलबाजारात जनावराचे वय तोंडी विचारण्यापेक्षा ते डोळ्यांनी पाहण्याची रीत जुनी आहे. घेणारा माणूस बैलाचा ओठ वर करतो, खालच्या जबड्यातील पुढचे दात पाहतो आणि बैल आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती, सहादाती की जुळलेला, हे क्षणात सांगतो. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी पक्क्या दातांच्या जोड्या ठरावीक क्रमाने येतात आणि आठही दात आले की बैल जुळला असे म्हणतात; त्यानंतर दातांची झीज पाहून उतारवयाचा अंदाज बांधला जातो. लाल कंधारी आणि देवणी या जातींच्या प्रदेशात, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी या पट्ट्यात, ही विद्या आजही घराघरांत आहे. मात्र याच घरांतील मुलांनी हट्टाने आणलेला पाळीव ससा म्हातारा होऊ लागतो, तेव्हा या विद्येचा काहीच उपयोग होत नाही, कारण सशाचे दात वय सांगत नाहीत. त्याचे सगळे, म्हणजे अठ्ठावीसही दात मुळाशी उघडे असतात आणि जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वाढतात आणि खाण्याच्या घर्षणाने तेवढेच झिजतात. त्यामुळे दोन वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या निरोगी सशाचे तोंड वरवर पाहता सारखेच दिसते, आणि बाजारातून आणलेल्या सशाची जन्मतारीख तर कोणाकडेच नसते. त्याचे उतारवय ओळखायचे असेल तर ते त्याच्या वागण्यातूनच ओळखावे लागते.

येथे एका शब्दाचा उलगडा आधी करायला हवा. परभणी, जिंतूर किंवा सेलूच्या शिवारात हरभऱ्याच्या कडेने पळताना दिसणारा प्राणी आणि पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा प्राणी या दोघांनाही मराठीत ससाच म्हणतात, परंतु ते दोन वेगळे प्राणी आहेत. शिवारातला ससा हा भारतीय रानससा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण असल्याने त्याला पकडून पाळणे हा गुन्हा आहे. पाळीव ससा मूळचा स्पेन व पोर्तुगालच्या भूप्रदेशातील बिळांत राहणाऱ्या, कळपाने जगणाऱ्या सशापासून आलेला आहे. त्याची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. हा फरक केवळ वर्गीकरणाचा नाही. बिळात राहणारा प्राणी थंड, अंधाऱ्या, स्थिर तापमानाच्या जागेला आणि सोबतीला सरावलेला असतो, आणि उतारवयात या दोन्ही गोष्टींची त्याची गरज वाढते. परभणीसारख्या तापणाऱ्या जिल्ह्यात एकट्या पिंजऱ्यात ठेवलेल्या सशाला नेमक्या त्याच दोन गोष्टी मिळत नाहीत.

मराठी भाषेने सशाला भित्रा आणि गरीब ठरवून टाकले आहे. सशाचे काळीज असलेला माणूस म्हणजे घाबरट माणूस. या समजुतीचा एक दुष्परिणाम असा होतो की कोपऱ्यात गप्प बसलेला ससा कोणालाही वावगा वाटत नाही. वास्तविक निरोगी ससा गप्प बसणारा प्राणी नाही. तो पहाटे आणि संध्याकाळी धावतो, मागच्या पायांवर उभा राहून आजूबाजूला पाहतो, हनुवटीखालील ग्रंथीचा वास वस्तूंना घासून आपली हद्द आखतो, धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर आपटतो, आणि खुशीत असला की धावता धावता हवेत उडी मारून अंगाला हिसका देतो. या सवयींपैकी एखादी हळूहळू नाहीशी होणे ही वृद्ध सशाच्या बाबतीत सर्वात महत्त्वाची बातमी असते. ती बातमी कळायला अवघड जाते, कारण ससा हा भक्ष्य असलेला प्राणी आहे. कोल्हा, ससाणा, मांजर यांच्या नजरेत अशक्त दिसणारा जीव आधी मरतो, म्हणून दुखणे लपवणे हा त्याच्या स्वभावाचाच भाग झालेला आहे. कुत्रा लंगडतो, कण्हतो, मालकाजवळ येऊन बसतो. ससा मात्र दुखत असताना फक्त थोडा कमी हलतो.

पाळीव सशाचे आयुष्य साधारणपणे आठ ते बारा वर्षांचे असते. मोठ्या अंगाच्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात आणि लहान अंगाच्या जाती अधिक जगतात; ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर 1964 मध्ये पकडलेला एक ससा त्यानंतर अठरा वर्षे दहा महिन्यांहून अधिक काळ जगल्याची विक्रमी नोंद आहे. व्यवहारात पाच-सहा वर्षांच्या पुढे सशाला ज्येष्ठ मानावे, आणि थोराड जातीच्या सशाला त्याच्याही आधी. या वयानंतर झोप वाढते, धावपळ कमी होते, मांड्यांचे स्नायू उतरतात, पाठीचा कणा हाताला लागू लागतो आणि केस निस्तेज होतात. एवढे बदल वयाचेच आहेत. अडचण अशी की याच यादीत पुढे खाणे कमी होणे, लघवी भलत्या जागी होणे, चिडणे, अंग न चाटणे हेही बदल सहज मिसळून टाकले जातात, आणि घरातले लोक ‘वय झाले त्याचे’ असे म्हणून त्या विषयावर पडदा टाकतात. हे वाक्य प्रेमाने उच्चारले जात असले तरी त्यानेच कितीतरी बरे होण्याजोगे ससे उपचाराविना राहतात. वय हे रोगाचे नाव नाही, आणि वृद्ध सशाच्या वागण्यातील बहुतेक ठळक बदलांमागे वेदना, दातांचा दोष, आतड्यांची मंदावलेली गती किंवा इंद्रियांची हानी यांपैकी काहीतरी सापडते.

मेंदूचे वार्धक्य सशातही असते, हे मात्र नाकारता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इसिडोर गोर्मेझानो यांनी 1962 च्या सुमारास सशाच्या डोळ्याच्या आतील पापणीवर आधारलेली एक प्रयोगपद्धती विकसित केली: आधी एक आवाज, आणि मग डोळ्याजवळ हलकासा त्रासदायक स्पर्श, काही वेळा असे झाले की ससा नुसत्या आवाजानेच डोळा मिटू लागतो. ही शिकण्याची अगदी साधी पायरी असल्याने पुढील दशकांत मेंदू वयानुसार कसा बदलतो हे तपासण्यासाठी तिचा मोठा वापर झाला, आणि आवाज व स्पर्श यांच्यामध्ये क्षणभराचे अंतर ठेवले की वृद्ध सशांना ही सांगड शिकायला तरुणांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, असे आढळले. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की सर्व वृद्ध ससे सारखे नव्हते. काही तरुणांच्या बरोबरीने शिकले, तर काहींना ते जमलेच नाही. म्हणून एखादा म्हातारा ससा लघवी-लेंड्यांसाठी ठेवलेल्या पेटीची जागा विसरतो, कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहतो किंवा ओळखीच्या हाताने दचकतो, तेव्हा त्याचा मेंदू थकला असण्याची शक्यता असते. पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा असतो, बाकीची सगळी कारणे तपासून झाल्यावर.

त्यांतले पहिले कारण वेदना. ससा वेदना लपवतो खरा, परंतु त्याचा चेहरा ती पूर्णपणे लपवू शकत नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने 2012 मध्ये सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली आणि त्यात पाच खुणा ठरवल्या: डोळे किती मिटलेले आहेत, गाल किती बसलेले आहेत, नाकपुड्यांचा आकार कसा बदलला आहे, मिशा कोणत्या दिशेने ताणलेल्या आहेत आणि कान कसे दुमडलेले आहेत. ही श्रेणी तज्ज्ञांसाठी असली तरी घरातला माणूसही तिचा उपयोग करू शकतो, कारण त्याच सशाचा निवांत चेहरा त्याने वर्षानुवर्षे पाहिलेला असतो. दातांच्या आवाजातही असाच भेद आहे. पाठीवरून हात फिरवताना ससा दातांचा हलका, जलद, जेमतेम ऐकू येणारा आवाज करतो, तो समाधानाचा असतो. पाठ कमानीसारखी करून, डोळे अर्धवट मिटून कराकरा दात खाणारा ससा वेदनेत असतो.

म्हाताऱ्या सशात सर्वाधिक आढळणारी आणि सर्वात कमी ओळखली जाणारी वेदना म्हणजे सांध्यांची आणि मणक्यांची. मणक्यांच्या कडांवर हाड वाढून ते एकमेकांना जखडू लागतात, मागच्या पायांचे सांधे झिजतात, आणि ससा लंगडण्याऐवजी निवडक हालचाली सोडून देतो. तो पेटीच्या काठावरून आत उडी मारायचे टाळतो, म्हणून लघवी बाहेर होते आणि घरातल्यांना वाटते की जनावर सवय विसरले. मागच्या पायांवर उभे राहणे बंद होते. मान मागे वळवून पाठ आणि शेपटीचा भाग चाटणे जमत नाही, म्हणून तिथले केस गुंततात. मागचा पाय उचलून कान खाजवता येत नाही, म्हणून कानात मळ साचतो. मराठवाड्यातील घरांत यात फरशीची भर पडते: गुळगुळीत चकचकीत टाइल्सवर सशाचा पाय धरत नाही, कारण त्याच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी मांसल गादी नसून नुसते केस असतात. तरुण ससा घसरत घसरत निभावून नेतो. सांधे दुखणारा ससा अशा खोलीत एका जागी बसून राहतो आणि तो आळशी झाला असे समजले जाते. त्याच खोलीत जुनी वाकळ किंवा गोणपाट अंथरले, पेटीचा एक काठ कापून ठेंगणा केला, की कित्येकदा तो दोन दिवसांत पुन्हा हिंडू लागतो, आणि बदल वयाचा नव्हता, जमिनीचा होता, हे उघड होते. अंथरलेल्या वाकळेचे सुटे दोरे मात्र कापून टाकावेत, कारण चावण्याची सवय म्हातारपणीही जात नाही.

या सांधेदुखीतून एक साखळी सुरू होते, आणि ती समजून घेण्यासाठी सशाच्या पचनाकडे वळावे लागते. ससा गाईसारखा रवंथ करत नाही, पण रवंथाचे काम तो दुसऱ्या मार्गाने करतो. त्याच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या मोठ्या पिशवीत, चाऱ्याचा बारीक भाग सूक्ष्म जीवांकरवी आंबवला जातो आणि त्यातून द्राक्षाच्या इवल्या घडासारख्या, मऊ, चकाकणाऱ्या लेंड्या तयार होतात. त्या तो जमिनीवर पडूही देत नाही. तोंड गुदद्वाराशी नेऊन थेट खातो, आणि त्यांतून त्याला प्रथिने व ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. बहुतेक मालकांनी या लेंड्या कधी पाहिलेल्याच नसतात. ज्या दिवशी त्या पेटीत पडलेल्या किंवा शेपटीखाली चिकटलेल्या दिसू लागतात, त्या दिवशी ‘जुलाब झाले’ असा समज होतो, पण खरे कारण पुष्कळदा एवढेच असते की सांधे दुखत असल्याने किंवा पोट सुटल्याने सशाचे तोंड तिथवर पोहोचत नाही. पावसाळ्यात ही गोष्ट प्राणघातक ठरू शकते. मळलेल्या, लघवीने ओल्या राहिलेल्या केसांवर हिरव्या-निळ्या चमकदार माश्या अंडी घालतात, एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात आणि जिवंत कातडीत शिरतात. जखमेत किडे पडलेले बैल पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांनाही सशात हे किती झपाट्याने घडते याची कल्पना नसते. आषाढ-श्रावणात म्हाताऱ्या सशाची मागची बाजू रोज दोनदा पाहण्याइतका दुसरा स्वस्त उपचार नाही.

मऊ लेंड्या न दिसणे जसे आरोग्याचे लक्षण, तसे कोरड्या, गोल, चाऱ्याच्या भुशासारख्या लेंड्या भरपूर दिसणे हेही आरोग्याचे लक्षण. बैलाने रवंथ सोडला की शेतकरी त्या संध्याकाळीच डॉक्टर गाठतो. सशाच्या बाबतीत तेवढीच गंभीर खूण म्हणजे लेंड्या लहान, काळ्या, विरळ होणे किंवा थांबणे. सशाला ओकता येत नाही आणि त्याचे आतडे सतत भरत व सरकत राहिले तरच निरोगी राहते. कोणत्याही वेदनेने, भीतीने किंवा तहानेने त्याने खाणे सोडले की आतडे मंदावते, त्यात वायू साचतो, त्या वायूने पोट दुखते आणि दुखण्याने तो आणखी खात नाही. बारा तास काहीही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा, मग त्याचे वय कितीही असो. ‘उद्यापर्यंत वाट पाहू’ हे वाक्य येथे फार महागात पडते.

खाणे सोडण्यामागे दात असतील तर बदलाचा नमुना वेगळा दिसतो. ससा भूक असल्यासारखा चाऱ्यापाशी येतो, वास घेतो, काडी तोंडात धरतो आणि टाकून देतो. आधी वाळले गवत सोडतो, मग कडक भाजी, आणि शेवटी मऊ पोळी किंवा केळ्याचा तुकडाच खातो. घरातल्यांना वाटते की म्हातारपणी त्याला गोडाची आवड लागली. वस्तुतः दाढा वाकड्या वाढून त्यांच्या कडा जिभेला किंवा गालाला टोचत असतात. हनुवटीखालचे केस लाळेने ओले राहणे, डोळ्यातून पाणी गळणे आणि खालच्या जबड्याच्या कडेला हाताला गाठी लागणे ही त्याचीच पुढची चिन्हे. वरच्या दातांची मुळे अश्रुनलिकेला दाबतात म्हणून डोळा वाहतो. पुढचे दात ओठ उचलून दिसतात, पण दाढा दिसत नाहीत, आणि त्या तपासायला पशुवैद्यकाला खास उपकरण व पुष्कळदा गुंगीचे औषध लागते. या दोषाची पाळेमुळे तरुणपणीच्या आहारात असतात. पाश्चात्त्य पुस्तकांत ज्या टिमोथी गवताची शिफारस असते ते परभणीच्या बाजारात सहजासहजी मिळणारे नाही, परंतु मारवेल, पवना, हरळी यांसारखे वाळवलेले गवत दाढांचे तेच काम करते. ज्वारीचा कडबा सगळीकडे मिळतो, पण त्याची जाड धाटे म्हाताऱ्या सशाला चावत नाहीत. पाने तेवढी उपयोगी. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी मात्र गुरांना जशी विषारी, तशीच सशालाही. लसूण घास जिल्ह्यात सहज मिळतो आणि ससे तो आवडीने खातात, पण वृद्ध सशाला तो रोज घालू नये, आणि त्याचे कारण लघवीत आहे.

इतर बहुतेक प्राणी अन्नातून गरजेपुरते कॅल्शियम शोषतात. ससा मात्र मिळेल तेवढे बरेचसे शोषून घेतो आणि जादाचे मूत्रपिंडातून बाहेर टाकतो. म्हणून निरोगी सशाची लघवीही किंचित गढूळ, कधी पांढुरकी दिसते, आणि वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे कधी नारिंगी किंवा तांबूसही होते, ज्याने नवखा मालक घाबरतो. लसूण घासात कॅल्शियम भरपूर असते. ससा हलत नसेल, पाणी कमी पीत असेल, तर हे क्षार मूत्राशयात चिखलासारखे साचतात. मग तो लघवीसाठी बराच वेळ कुंथतो, थेंब थेंब सांडतो, मांड्यांच्या आतील कातडी भाजल्यासारखी लाल होते. याउलट पाण्याचे भांडे एकाएकी लवकर रिकामे होऊ लागले तर मूत्रपिंडाची तपासणी करायला हवी. नळीच्या बाटलीतून पाणी पिताना मान वर करावी लागते आणि दुखऱ्या मानेच्या सशाला ते नकोसे होते. मातीचे पसरट, जड, न कलंडणारे भांडे समोर ठेवले की पाणी पिणे वाढते.

लघवीतील रक्ताचा विषय मादीच्या संदर्भात स्वतंत्रपणे सांगावा लागतो. गर्भाशय न काढलेल्या सशाच्या माद्यांत वय चार वर्षांपुढे गेले की गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण असामान्यपणे वाढते. काही जातींत ते निम्म्याहून अधिक माद्यांमध्ये आढळलेले आहे. लघवीच्या अखेरीस पडणारे रक्त, एकाएकी आलेला आक्रमकपणा, पुन्हा पुन्हा छातीचे केस उपटून घरटे करणे, आणि नंतर वजन उतरणे, ही त्याची चिन्हे. ‘मादी म्हातारपणी खाष्ट झाली’ असे ज्या घरात म्हटले जाते, त्या घरात हा रोग सर्वात आधी मनात यायला हवा. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर मादी पुढे वर्षानुवर्षे जगते.

मान एका बाजूला कलंडणे हा वागण्यातला सर्वात घाबरवणारा बदल. ससा गोल गोल फिरतो, लोळतो, डोळ्यांची बुबुळे एका लयीत हलत राहतात. ग्रामीण भागात याला वारे गेले, झटका आला असे समजून ससा मरायला टेकला असे गृहीत धरले जाते. बहुतेक वेळा यामागे दोनपैकी एक कारण असते: आतील कानाचा जंतुसंसर्ग, किंवा एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी, जो बाधित सशाच्या लघवीतून पसरतो आणि मेंदू, मूत्रपिंड व डोळ्याचे भिंग यांना इजा करतो. हा परजीवी अनेक सशांच्या शरीरात आयुष्यभर गुपचूप असतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की डोके वर काढतो. दोन्हींवर उपचार आहेत, मान थोडी वाकडी राहिली तरी ससा नीट खातो-पितो, हे ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळ ससे सोडून दिले जातात.

डोळे आणि कान गेल्याने होणारे बदल त्या मानाने सौम्य असतात. सशाला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण नाकाच्या अगदी पुढे त्याची नजर पोहोचत नाही. मोतीबिंदू झालेल्या सशाच्या बाजूने अचानक हात आला की तो चावू शकतो, आणि तो चावरा झाला असे ठरते. जवळ जाताना आधी हाक मारावी. ऐकू येत नसेल तर जमिनीवर हलके थापटावे, कंपन त्याला कळते. लाल डोळ्यांचे पांढरे ससे एकटक पाहताना डोके हळूहळू दोन्ही बाजूंना झुलवतात. ती त्यांची जन्मापासूनची पाहण्याची रीत असते, म्हातारपणाचे लक्षण नव्हे.

आता या जिल्ह्याच्या हवेकडे यावे लागते, कारण परभणीत सशाच्या वागण्याचा अर्थ महिना पाहिल्याशिवाय लागत नाही. सशाला पंधरा ते वीस अंश सेल्सिअस तापमान सुखाचे; तिशीपुढे त्याला त्रास सुरू होतो. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून काही वर्षी पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही अधिक तापते. सशाला माणसासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकून अंग थंड करणेही त्याला नीट जमत नाही. त्याची भिस्त असते ती लांब कानांतल्या रक्तवाहिन्यांवर, आणि बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की कानही निकामी ठरतात. म्हातारा, लठ्ठ किंवा हृदय कमजोर असलेला ससा या उन्हात आधी कोसळतो. लांब पसरून पडणे, कान लाल व गरम होणे, श्वास फार वेगाने चालणे, नाक-तोंड ओले होणे ही उष्माघाताची चिन्हे. अशा वेळी त्याला सावलीत आणून कानांवर साध्या पाण्याचा हात फिरवावा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, आणि दवाखाना गाठावा. रोजच्या संरक्षणासाठी ओला करून ठेवलेला शहाबादी फरशीचा तुकडा, वाळ्याचा किंवा गोणपाटाचा ओला पडदा, कापडात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली हे उपाय वीज गेली तरी चालतात.

परंतु उन्हाळ्याचा खरा घोटाळा निदानात होतो. मे महिन्यात तरुण ससाही दिवसभर पडून राहतो, कमी खातो आणि रात्री हिंडतो. त्यामुळे वृद्ध सशाची दाढ दुखत असली तरी ‘ऊन आहे’ या कारणात ती झाकली जाते, आणि जूनमध्ये हवा पालटल्यावरही तो खात नाही तेव्हा महिना वाया गेलेला असतो. हिवाळ्यात उलट होते. मराठवाड्यात परभणीची थंडी कडक म्हणून ओळखली जाते, थंडीच्या लाटेत पहाटेचे तापमान पाच अंशांपर्यंत आणि क्वचित त्याही खाली उतरते. ती सशाला सोसते, पण त्याचे सांधे आखडतात, आणि पौषात अडखळणारा ससा दुपारच्या उन्हात बरा दिसतो. म्हणून सशाची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. त्यासाठी एक वही पुरते: आठवड्याचे वजन, खाल्लेला चारा, लेंड्यांचा आकार, पेटीबाहेर लघवी झाली का, आणि उभा राहिला का. किराणा दुकानातल्या काट्यावरही वजन होते. दोन किलोच्या सशाचे दोनशे ग्रॅम उतरले तर शरीराचा दहावा हिस्सा गेला, आणि केसांमुळे ते डोळ्याला दिसत नाही.

ही वही पशुवैद्यकापुढे ठेवली की तिचे मोल कळते. परभणीचे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय 1972 पासून चालू आहे, आणि 2000 मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी ते जोडलेले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकाचे शिक्षण देणारी संस्था असणे हे परभणीचे भाग्य. तरीही पशुवैद्यकाच्या रोजच्या कामात गाय, म्हैस, बैल, शेळी यांचाच भरणा असणार, आणि ससा हा विरळा रुग्ण. तपासणीच्या टेबलावर घाबरलेला ससा दगडासारखा बसतो आणि घरातले एकही लक्षण दाखवत नाही. मालकाने मोबाइलवर काढलेले घरातले चालणे, बसणे, खाणे यांचे चित्रीकरण तिथे उपयोगी पडते. एक गोष्ट मात्र मालकाने स्वतः पक्की लक्षात ठेवावी: ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन यांसारखी पेनिसिलिन कुळातील औषधे आणि क्लिंडामायसिन सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातील उपकारक जीव मरून विषारी जीवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. घरातल्या मुलाच्या तापाची उरलेली बाटली सशासाठी उघडणे म्हणूनच फार धोक्याचे आहे. वेदनाशामके सशाला देता येतात आणि सांधेदुखीत ती महिनोन्महिने दिली जातात, पण औषध व मात्रा पशुवैद्यकाने ठरवलेली असावी. अशा औषधाने काही दिवसांत ससा पुन्हा अंग चाटू लागला, उभा राहू लागला, तर आधीचा मंदपणा वेदनेचा होता हे सिद्ध होते, आणि हीच सर्वात प्रामाणिक परीक्षा आहे.

जोडीने वाढलेल्या सशांच्या बाबतीत आणखी एक बदल येतो. दोघांपैकी एक मेला की उरलेला त्याच्या जागेभोवती फिरतो, खाण्यावरून उठतो, कोपऱ्यात बसतो किंवा एरवी न येणारा मालकाच्या पायाशी येऊन बसतो. मेलेल्या सोबत्याचे शरीर लगेच उचलून न नेता काही वेळ त्याच्याजवळ राहू द्यावे, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा व पशुवैद्यकांचा सल्ला असतो. तो हुंगतो, चाटतो, आणि मग स्वतःहून दूर जातो. उरलेला ससाही बहुधा तेवढ्याच वयाचा असतो, त्याचेही दात आणि सांधे तसेच बिघडलेले असू शकतात, आणि दुःखाने सोडलेले खाणे व दाढेमुळे सोडलेले खाणे आतड्याला सारखेच घातक असते. त्या आठवड्यात त्याच्या आवडीची कोथिंबीर आणि मेथी पाण्यात बुडवून, ओली ठेवूनच त्याच्यापुढे धरावी, रोज वजन करावे, आणि सकाळी पेटी झाडण्याआधी लेंड्या मोजाव्यात.